मुंड्यावरचा कोळी

मेळघाटातल्या कोरकू समाजात गेलेल्या माणसाच्या नावानं सागाची कोरीव फळी उभी करण्याची रीत आहे. फळीला म्हणतात मुंडा आणि तो विधी म्हणजे सिडोली. माणूस गेला की लगेच सिडोली होते असं नाही. घरात धान्य-पैसा जमावा लागतो, भाऊबंद एकत्र यावे लागतात. त्यामुळं कधी कधी कित्येक वर्षं निघून जातात आणि मग एकाच वेळी अनेक मृतांची सिडोली होते. तोवर गेलेला जीव पूर्वजांच्या पंगतीला बसत नाही. मुंड्यावर वर सूर्य-चंद्र असतात आणि खाली घोड्यावर बसलेला माणूस. हा माणूस म्हणजे गेलेला पूर्वज.

हा घोडा मला फार दिवस खटकत होता. गाविलगडच्या डोंगरात कोदो-कुटकी पेरणारा, मोहफुलं वेचणारा कोरकू घोड्यावर बसणारा नव्हे. मग मेल्यावर तो घोड्यावर कसा चढतो? याचं उत्तर शोधताना रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा १९१६ सालचा ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ उघडला. कोरकूंवरच्या प्रकरणात या फळीचं वर्णन आहे. वर सूर्य आणि चंद्र, एक कोळी, एक माणसाचा कान, आणि त्याखाली हातात शस्त्र घेतलेला घोडेस्वार. कोळी म्हणजे जाळं विणणारा कोळी. रसेल-हिरालाल यांनी तो यादीत टाकला आणि पुढं गेले. त्याचं स्पष्टीकरण दिलं नाही. मला मात्र त्या कोळ्यापुढं जाता येईना.

त्याच प्रकरणात कोरकूंच्या उत्पत्तीची कथा दिली आहे. लंकेच्या रावणानं पाहिलं की विंध्य आणि सातपुडा ओस पडले आहेत. त्यानं महादेवाला तिथं वस्ती करण्याची विनंती केली. महादेवानं कागेश्वर नावाच्या कावळ्याला तांबड्या मातीचं वारूळ शोधायला पाठवलं. बैतूलच्या डोंगरात, सावळीगड आणि भंवरगड यांच्या मधल्या भागात ते सापडलं. महादेवानं मूठभर माती घेऊन एक बाई आणि एक पुरुष असे दोन पुतळे घडवले. तेवढ्यात इंद्रानं पाठवलेले दोन तेजाळ घोडे जमिनीतून उसळले आणि त्यांनी पुतळे तुडवून टाकले. दोन दिवस हेच चाललं. शेवटी महादेवानं मातीचा कुत्रा केला, त्याच्यात प्राण फुंकला आणि त्या कुत्र्यानं घोड्यांना हुसकावलं. मग माणसाचे पुतळे शाबूत राहिले. ते मुला आणि मुलाई, कोरकूंचे आद्य मायबाप.

मातीचा माणूस जगभर आहे. इजिप्तचा ख्नुम देव कुंभाराच्या चाकावर माणूस घडवतो, ग्रीकांचा प्रोमिथियस मातीतून, आणि बायबलातला आदम धुळीतून. कोरकूंच्या कथेचं वेगळेपण घोड्यात आहे. इथं माणसाची पहिली आकृती घडते आणि पहिल्यांदा तिला मोडतो तो घोडाच. त्याच घोड्यावर मुंड्यावरचा पूर्वज बसलेला आहे.

यानंतर जे सापडलं त्यासाठीच हे लिहायला बसलो. जेम्स फ्रेझरचा ‘फोकलोर इन द ओल्ड टेस्टामेंट’ हा तीन खंडांचा ग्रंथ १९१८ साली निघाला. माणूस मातीचा कसा झाला याच्या जगभरच्या कथा त्यानं सुरुवातीलाच गोळा केल्या आहेत. कोरकूंची वरची कथाही तिथं आहे आणि तिच्या शेजारी छोटा नागपूरच्या मुंडा जमातीची. तिथं निर्माता आहे सिंगबोंगा, म्हणजे सूर्यदेव. तो मातीचे दोन पुतळे करतो. घोड्याला धास्ती वाटते की हा प्राणी पुढं आपल्याला राबवणार, म्हणून तो पुतळे तुडवतो. त्या काळी घोड्याला पंख होते. सिंगबोंगा मग आधी कोळी निर्माण करतो, पुन्हा पुतळे घडवतो आणि कोळ्याला राखणीला बसवतो. कोळी पुतळ्यांभोवती असं जाळं विणतो की घोड्याला ते तोडता येत नाही. त्यानंतर सिंगबोंगा पुतळ्यांत प्राण घालतो.

आता मुंड्यावरची यादी पुन्हा वाचा: सूर्य, कोळी, माणूस, घोडा. रांचीकडच्या मुंडांच्या कथेतली सगळी पात्रं आमच्या सातपुड्यातल्या फळीवर हजर आहेत. आणि कोरकूंच्या तोंडी असलेल्या कथेतला राखणदार, तो कुत्रा, त्या यादीत नाही.

रांची ते चिखलदरा सरळ रेषेत सुमारे साडेआठशे किलोमीटर. तरीही कोरकूंचं तिकडचं नातं पक्कं आहे, आणि ते भाषेचं आहे. शेजारचा गोंड द्राविडी कुळातली भाषा बोलतो. कोरकू बोलतो ती मुंडा कुळातली, त्या कुळाची सर्वांत पश्चिमेकडची भाषा. माणसाला मुंडारीत ‘होरो’, संथालीत ‘होर’, हो भाषेत ‘हो’ आणि कोरकूत ‘कोरो’. त्याचं अनेकवचन कोरकू, म्हणजे माणसं. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात हे नातं नीट मांडलेलं आहे. शब्द इतकी वाट चालून येतात, तर कथा का येणार नाहीत?

माझं म्हणणं असं आहे. कोरकूंचे पूर्वज पश्चिमेकडं सरकले तेव्हा सूर्य, कोळी आणि घोडा यांची कथा सोबत घेऊन आले. इथं पचमढीच्या महादेवाचा प्रभाव पडला. सूर्याच्या जागी महादेव आला, रावण आला, इंद्र आला. कोळी मागं पडून कुत्रा पुढं आला. सांगणाऱ्याची कथा ऐकणाऱ्यांप्रमाणं बदलत जाते, पण कोरणाऱ्याला जुन्या मुंड्याबरहुकूमच नवा मुंडा कोरावा लागतो; पूर्वजांच्या बाबतीत फेरफार करायला कुणी धजत नाही. म्हणून तोंडी कथेत जे पुसलं गेलं ते लाकडात राहिलं. मुंडा हे निव्वळ मृताचं स्मारक नाही. माणूस कसा घडला, कुणी मोडला आणि कुणी राखला, ही सगळी हकीगत त्यावर आहे. मेलेल्या माणसाला पूर्वजांत घेताना त्याला पुन्हा एकदा घडवायचं असतं, आणि त्या घडण्यात कोळी राखणदार हवा.

याला विरोध करणारी मतं आहेत आणि ती हलकी नाहीत.

पहिलं मत वीरगळाचं. महाराष्ट्रभर गावांच्या वेशीवर वीरगळ उभे आहेत. तळाशी लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर ही कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. गुजरातेतल्या पाळिया नावाच्या स्मृतिशिळांवर घोडेस्वार आणि सूर्य-चंद्र दोन्ही आहेत. भिलांच्या गातल्यांवरही स्वार कोरलेला असतो. मग कोरकूंनी सरळ हीच घडण उचलली असेल, असं म्हणता येतं. कोरकूंतले राजकोरकू स्वतःला रजपूत वंशाचे सांगतात, तेव्हा शस्त्रधारी स्वार त्यांना हवासाच वाटणार. शिवाय या मुलखानं घोडदळ कमी पाहिलेलं नाही. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले बहमनी काळापासून सैन्यांच्या वाटेवर. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोल्याच्या तेल्हारा भागातल्या अडगावला भोसले-शिंद्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि १५ डिसेंबरला वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला. घोड्यावरचा माणूस म्हणजे सत्ता, हे डोंगरातल्या माणसानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं. रोममधला मार्कस ऑरेलियसचा ब्राँझचा पुतळा असो की पुण्यातला करमरकरांनी घडवलेला १९२८ चा अश्वारूढ शिवाजी, मोठा माणूस दाखवायचा तर तो घोड्यावर, हा संकेत जगभर रुळलेला आहे.

हे सगळं मी मान्य करतो. स्वाराची बैठक, त्याचं शस्त्र, फळीवरची वर-खाली मांडणी हे शेजाऱ्यांकडून आलेलं असणार. तरी वीरगळावर कोळी नसतो, पाळियावर नसतो. उसनवारीचा हिशेब करायचा तर जे शेजाऱ्याकडं नाहीच, ते कुणाकडून आणलं हेही सांगावं लागतं. आणि वीरगळ लढून मेलेल्या वीराचा असतो. मुंडा घरातल्या साध्या माणसाचाही असतो. लढाई न पाहिलेल्या माणसाला घोडा द्यायचा तर त्याला शौर्यापलीकडचं कारण हवं. घोड्यानं ज्याला मातीत मिळवलं त्याचा वंशज शेवटी त्या घोड्यावर बसतो, हे ते कारण.

दुसरं मत असं की तो कोळी नाहीच. किरणांचा सूर्य एखाद्या साहेबाला आठ पायांचा दिसला. पण त्याच यादीत सूर्य वेगळा नोंदवलेला आहे, आणि हिरालाल हे इथल्याच मातीतले अभ्यासक. कोळी आणि सूर्य यांत त्यांची गफलत होईल हे पटत नाही.

तिसरं मत कुळचिन्हाचं. कोरकूंची कुळं झाडं आणि प्राणी यांच्या नावांची. जांभळावरून जांबू हे कुळ प्रसिद्धच आहे. आज मेळघाटात जांबेकर, कासदेकर, बेठेकर, भिलावेकर, मावस्कर अशी ‘कर’ लावलेली आडनावं भेटतात, त्यातली कित्येक या कुळनावांवरूनच आलेली. तेव्हा कोळी हेही एखाद्या कुळाचं चिन्ह असेल. पण मग प्रत्येक कुळाच्या फळीवर वेगळं चिन्ह दिसायला हवं होतं, आणि जांबू कुळाच्या मुंड्यावर जांभूळ. रसेल-हिरालाल मात्र कोळी सूर्य-चंद्रासारखाच सर्वसाधारण खूण म्हणून देतात.

खरी अडचण चौथ्या मताची आहे आणि ती कुत्र्याची. मी कुत्रा नंतरचा म्हणतो. पण राखणदार कुत्रा फार दूरवर पसरलेला आहे. फ्रेझरनंच मेघालयातल्या खासींची कथा दिली आहे. तिथं देव माणूस घडवतो, दुष्ट शक्ती येऊन तो मोडते, मग देव आधी कुत्रा निर्माण करतो आणि माणूस वाचतो. खासी भाषा आणि मुंडा भाषा एकाच ऑस्ट्रोआशियाई कुळातल्या. म्हणजे कुत्राही जुना असू शकतो, कदाचित कोळ्याहून जुना. व्होल्गाकाठच्या चेरेमिसांकडंही राखणीचा कुत्रा आहे. उलट संथालांच्या कथेत घोडा पुतळे तुडवतो, पण राखणदार कुणी येतच नाही. निर्माता ठाकूर मातीच्या माणसांचा नाद सोडून हंस-हंसीण घडवतो आणि त्यांच्या अंड्यांतून पहिलं जोडपं जन्मतं. म्हणजे मुंडा कुळात घोडा सगळीकडं स्थिर, राखणदार मात्र जागोजाग वेगळा. यावरून कोणी म्हणेल की कोरकूंनी सुरुवातीपासून कुत्राच सांगितला आणि कोळी मुंडांनी नंतर घातला. तर मग मेळघाटच्या लाकडावर कोळी का आणि कुत्रा का नाही, याचं उत्तर त्याला द्यावं लागेल. मला वाटतं, दोन्ही राखणदार एकेकाळी शेजारी शेजारी सांगितले जात होते. कोरकूंच्या जिभेवर कुत्रा टिकला, सागावर कोळी.

घोडा किती जुना, हा प्रश्न त्याहून कठीण. मध्य भारतातल्या शैलचित्रांत शिकारी, नाचणारी माणसं आणि जनावरं खूप आधीपासून आहेत. शस्त्रं घेतलेले घोडेस्वार येतात ते बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या थरांत. आपल्या अगदी जवळ, मोर्शीच्या वरच्या अंगाला बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत धारूळजवळच्या गुहांत २००७ साली अमरावतीच्या डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांना चित्रांनी भरलेले शैलाश्रय सापडले. मातीच्या माणसाची कथा त्या चित्रांइतकी जुनी असेल, घोडा तेवढा नव्हे. घोडा घेऊन कुणीतरी या जंगलवासीयांवर चालून आलं आणि तेव्हा कथेतल्या विनाशकाला चार पाय फुटले. आधी त्या जागी दुसरं काहीतरी असणार. खासींकडं आजही नुसती दुष्ट शक्तीच आहे.

उरला कान. माझा अंदाज असा की पूर्वजाला सणावारी नाव घेऊन बोलावतात आणि त्याला ते ऐकावं लागतं. घडलेल्या माणसात प्राण आला याची ती खूण. कथेत कान कुठंच येत नाही, म्हणून कोळ्याच्या बाबतीत मी जेवढ्या ठामपणे बोलतो तेवढा इथं बोलत नाही.

या सगळ्याचा निकाल पुस्तकांत लागणार नाही, मुंड्यांवर लागेल. मेळघाट व्याघ्रप्रकल्पातून उठलेली कुंड, कोहा, बोरी ही गावं अकोट तालुक्यात वसली. नंतरही कितीतरी गावं अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर उतरली. म्हणजे ही कथा सांगणारी म्हातारी माणसं आता अकोला जिल्ह्यातही आहेत. अमरावती-अकोल्याच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. परतवाड्याहून वर किंवा अकोटहून पोपटखेड्याकडं जाल तेव्हा कोरकू घरातल्या जाणत्या माणसाला विचारा की मातीचा पुतळा कुणी राखला, कुत्र्यानं की कोळ्यानं. मुंडा दिसला तर घरच्यांची परवानगी घ्या, हात लावू नका, जागचा हलवू नका, विकत तर मुळीच मागू नका. त्यावर काय काय कोरलंय ते गावाच्या नावासकट लिहून काढा आणि माझ्यापर्यंत पोहोचवा. एखाद्या जुन्या फळीवर कुत्रा निघाला, तर माझं मत मागं घ्यावं लागेल. पण कोळी निघाला तर तेही कळवा.