टंचाई म्हणजे दुष्काळ नव्हे

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये इंग्रजी शब्दांची एक यादी असतेच. रोज वीस शब्द, समोर मराठी अर्थ. त्यात 'फॅमिन' आणि 'ड्राउट' या दोन्हींपुढे सर्रास 'दुष्काळ' लिहिलेलं सापडतं आणि 'स्कार्सिटी'पुढे 'टंचाई'. पाठ करायला सोपं. पण आटपाडीच्या पोरानं तरी ही यादी डोळे झाकून पाठ करू नये. त्याच्या आज्याला रोजगार हमीच्या आधी खडी फोडायला मिळाली, ती कुठल्या नावाखाली, हे याच शब्दांच्या फरकावर ठरत होतं.

'फॅमिन' आला लॅटिनमधल्या भुकेच्या शब्दावरून. 'ड्राउट'चं नातं 'ड्राय'शी, म्हणजे कोरडेपणाशी. एकात पोट रिकामं, दुसऱ्यात आभाळ. आपला 'दुष्काळ' या भानगडीत पडतच नाही. वाईट काळ, बस्स. माणदेशात पाऊस गेला की धान्य जातं, धान्य गेलं की गुरं, मग माणसं गाव सोडतात. आपल्याला वेगळे शब्द लागलेच नाहीत.

सरकारला मात्र लागले. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिशांनी १८८०मध्ये फॅमिन कमिशनचा अहवाल घेतला आणि त्यावरून प्रांतोप्रांतीचे फॅमिन कोड तयार झाले. तेव्हापासून 'फॅमिन' हा नुसता शब्द राहिला नाही. तो जाहीर करायचा असतो, आणि एकदा जाहीर केला की कामं काढणं, मजुरी देणं, सारा तहकूब करणं हे सगळं मागे येतं. साहजिकच तो उच्चारायला अधिकारी कचरत. त्याच्या अलीकडची पायरी म्हणजे 'स्कार्सिटी'.

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. १९४८मध्ये संस्थान विलीन झालं आणि हा मुलूख मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्रात. आणि १९६३मध्ये महाराष्ट्रानं एक अजब कायदा केला: राज्याच्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकायचा. कारण असं दिलं, की शासनाचं परिस्थितीवर सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत सुरू होते, तेव्हा फॅमिनपर्यंत गोष्ट जाणारच नाही. जिथे जिथे तो शब्द होता तिथे 'स्कार्सिटी' आली. शब्दकोशात एवढी मोठी दुरुस्ती कुठल्या पंडितानं केली नसेल.

नऊ वर्षांनी १९७२ उजाडलं. माणदेशातल्या म्हाताऱ्यांना त्या सालाचं नाव विचारा. कुणी 'टंचाई' म्हणत नाही. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात, आणि मग सुकडीची चव सांगतात.

याच तालुक्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर. मॅट्रिकही झाले नाहीत, पण इंग्रजी साहित्य वाचता यावं म्हणून ते आपलं आपण शिकले. स्टाइनबेक त्यांच्या आवडीचा. तोही अमेरिकेतल्या कोरड्या पडलेल्या शेतांवरून घर सोडून निघालेल्या कुटुंबांवर लिहिणारा. १९५५च्या 'बनगरवाडी'त शेवटी पाऊस दगा देतो आणि वाडी उठते. त्या कादंबरीत फॅमिन आहे की ड्राउट, असा प्रश्न आपल्याला वाचताना पडत नाही. कारण तिथे मेंढरं आहेत, माणसं आहेत, आणि मागे उरलेला मास्तर आहे. शब्द शिकायचा हा रस्ता यादीपेक्षा लांबचा, पण माझ्या मते विसरायला कठीण.

कायद्यानं शब्द काढला तरी भांडण संपलं नाही. अलीकडे सरकारी कागदांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' असा शब्द रुळला होता. दुष्काळ नव्हे, दुष्काळासारखं काहीतरी. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २०१६मध्ये सरकारला सांगावं लागलं, की 'दुष्काळसदृश' लिहिलंय तिथे 'दुष्काळ' वाचावं. पाऊस तोच, विहिरी त्याच, टँकरही तेच. बदलली ती तीन अक्षरं.