फोल्डरला पासवर्ड : वॉचमन वेगळा, कुलूप वेगळं

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटल्यावर नातेवाइकांपासून मित्रांपर्यंत सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "विंडोजमध्ये फोल्डरला पासवर्ड कसा टाकायचा रे?" राइट क्लिक केलं की कॉपी, डिलीट, रिनेम सगळं दिसतं. 'पासवर्ड टाका' मात्र कुठेच नाही. असं का, हे समजायला साठ वर्षं मागे जावं लागतं. आजचा भाग त्यावरच.

१९६० च्या दशकाची सुरुवात, अमेरिकेतली एमआयटी. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही यंत्रणा बनवली. एक मोठा कॉम्प्युटर, अनेक टर्मिनल आणि सगळ्यांच्या फायली एकाच ठिकाणी. कुणी कुणाच्या फायलीत डोकावू नये म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. हा पासवर्ड म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. नाव विचारतो, वहीत बघतो, आत सोडतो. घरातलं सामान मात्र जसंच्या तसं उघडं.

आणि ती वहीसुद्धा उघडीच होती. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चारच तास मिळायचे. १९६२ मध्ये त्याने काय करावं? पासवर्डची फाईलच प्रिंट करून घेतली! पुढे १९६६ मध्ये तर कहर झाला. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसायला लागले.

यातून धडा घेतला गेला. १९७९ मध्ये बेल लॅब्सच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्समधली पद्धत मांडली : मूळ पासवर्ड साठवायचाच नाही, त्याचं उलट फिरवता न येणारं रूप साठवायचं. वही सुरक्षित झाली. पण वॉचमन शेवटी वॉचमनच. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, की त्याला विचारतंय कोण?

म्हणून खरं कुलूप हवं. म्हणजे फाईलमधला मजकूरच असा विस्कटायचा, की किल्लीशिवाय तो नुसता कचरा दिसावा. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. आता गंमत बघा. १९९० च्या दशकात अमेरिकन कायदा तगड्या एन्क्रिप्शनकडे शस्त्रासारखं बघायचा, त्याच्या निर्यातीवर बंधनं होती. त्यामुळे ऑफिस ९७ च्या वर्ड फाईलला किल्ली मिळाली फक्त ४० बिटांची. म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण कॉम्प्युटर त्या सगळ्या एकेक करून तपासू शकतो. तुम्ही कितीही अवघड पासवर्ड ठेवा, कुलूपच तकलादू! झिपचं जुनं एन्क्रिप्शनही १९९४ मध्ये बिहाम आणि कोचर यांनी फोडून दाखवलं. २००० मध्ये निर्यातीचे नियम सैल झाले, २००१ मध्ये एईएस हे नवं मानक आलं आणि ऑफिस २००७ पासून वर्डलाही तेच मिळालं.

मग फोल्डरचं काय? विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ईएफएस आणलं. त्यात फाईल खरोखर एन्क्रिप्ट होते, पण किल्ली तुमच्या लॉगिनला बांधलेली. वेगळा पासवर्ड नाहीच. लॉगिन करून लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात दिला, की फायली उघड्या. शिवाय विंडोजच्या होम आवृत्तीत ही सोय मिळत नाही.

ही पोकळी जुगाडांनी भरली. कॉलेजात हातोहात फिरणारी 'फोल्डर लॉकर'ची बॅच फाईल आठवते? ती फोल्डरचं नाव बदलून तो फक्त लपवते. आणि पासवर्ड? त्याच फाईलमध्ये लिहिलेला असतो. नोटपॅडमध्ये उघडा, समोर दिसेल. १९६२ ची उघडी वही, पुन्हा एकदा!

उलट प्रकारही आहे. ई-आधारची पीडीएफ घ्या. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. इथे कुलूप खरं, पण किल्ली कुठे ठेवलीय हे अख्ख्या गल्लीला माहीत.

तेव्हा लॅपटॉप दुरुस्तीला टाकण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : माझी फाईल नुसती लपलीय, की विस्कटलीय? कुलूपच हवं असेल तर सेव्हन-झिपमध्ये एईएस-२५६ निवडा आणि फायलींची नावं लपवण्याच्या पर्यायावरही टिक करा, नाहीतर नावं बाहेरून दिसत राहतात. झिप झाल्यावर मूळ फोल्डर तसाच ठेवू नका. व्हेराक्रिप्टही चांगलं आहे. पासवर्ड लांबलचक ठेवा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. कारण इथे 'फरगॉट पासवर्ड'चं बटण नसतं. खरं कुलूप मालकालाही ओळखत नाही, ते फक्त किल्ली ओळखतं.

भेटू पुढच्या भागात!