बॅटरी एकटी बदलत नाही : मोटारसायकलवरील एका डब्याचा इतिहास

१/ गेल्या पावसाळ्यात बाबांच्या जुन्या बुलेटमधली शिशाची बॅटरी काढून एका गॅरेजवाल्याने तिच्या जागी हलकी आणि महागडी लिथियम बॅटरी बसवली. दीड महिन्यात ती फुगली. ‘बॅटरीच वाईट निघाली’, असे सर्वांनी ठरवले. मला तो निकाल घाईचा वाटला, कारण याच जातीची चूक ११० वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका मोठ्या कारखान्याने केली होती. #थ्रेड

२/ मित्रहो, आरंभ फ्रान्समध्ये आहे. १८५९ साली गास्तों प्लांते यांनी शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भारित करता येईल अशी बॅटरी घडवली. १८८१ च्या सुमारास कामीय फोर यांनी त्या पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि तिची क्षमता कितीतरी वाढली. तेच रसायन आजही बहुतेक गाड्यांच्या सीटखाली आहे.

३/ १८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी मोटारसायकलचे पहिले मोठे उत्पादन सुरू केले. तिला बॅटरीची गरज नव्हती. तापलेल्या नळीने इंधन पेटे. पाठोपाठ दे दियों-बुतों या फ्रेंच कंपनीच्या इंजिनाने बॅटरी आणि कॉइलची ठिणगी आणली. मात्र गाडीवर वीज निर्माण करणारे काहीच नव्हते. बॅटरी उतरली की प्रवास संपला.

४/ म्हणून अभियंत्यांनी बॅटरीच हद्दपार केली. १९०२ मध्ये बॉश कंपनीतील गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. इंजिन फिरले की त्याची ठिणगी तेच निर्माण करी. दिव्यांसाठी कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणारा वायू पुरे. मोटारसायकल स्वावलंबी झाली.

५/ १९१४ साली स्प्रिंगफील्डच्या ‘इंडियन’ कंपनीने धाडस केले. ‘हेंडी स्पेशल’ या गाडीला विजेचा स्टार्टर आणि ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दिल्या. कल्पना काळाच्या पुढची होती, पण त्या बॅटऱ्या भार पेलू शकल्या नाहीत. त्या वारंवार उतरत. वर्षभरातच हे मॉडेल बंद पडले. स्टार्टर वीज मागत होता. खर्च झालेली वीज भरून काढणारी व्यवस्था मात्र तेवढी समर्थ नव्हती.

६/ पुढील पिढीने सावध तडजोड केली. डायनॅमो आला आणि त्याच्यासोबत ६ व्होल्टची बॅटरी, म्हणजे शिशाचे तीन सेल. पण अविश्वास कायम होता. १९५० च्या दशकातील लुकासच्या आल्टरनेटरवर चालणाऱ्या अनेक ब्रिटिश गाड्यांच्या स्विचवर ‘इमर्जन्सी’ची एक खूण असे. बॅटरी मेली तर आल्टरनेटरची वीज थेट कॉइलकडे वळवण्यासाठी ती सोय होती.

७/ १९६५ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने १२ व्होल्ट आणि स्टार्टर एकत्र आणले. ‘इलेक्ट्रा ग्लाइड’ हे नाव त्यातूनच पडले. त्याच दशकात ब्रिटिश गाड्या १२ व्होल्टवर गेल्या, त्या झेनर डायोड घेऊनच. जास्तीची वीज उष्णतेत घालवून तो बॅटरीला वाचवी. म्हणजे या वेळी डब्यासोबत त्याचा पहारेकरीही बदलला, आणि म्हणूनच हा बदल टिकला.

८/ आपल्याकडे १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली. जुन्या बुलेटचा विधी अनेकांच्या घरी पाहिलेला असेल : किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, मग सणसणीत किक. तो काटा म्हणजे बॅटरी आणि इंजिन यांच्यातील संभाषण होते. पुढे बुलेटही ६ वरून १२ व्होल्टवर आली.

९/ आता लिथियमकडे येऊ. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट हे बॅटरीचे द्रव्य म्हणून मांडले. त्याचा एक सेल सुमारे ३.२ व्होल्टचा, चार मिळून १२.८. शिशाचे सहा सेल मिळून १२. हा अंकांचा मेळ बसला म्हणूनच ही बॅटरी जुन्या डब्याच्या जागी सहज बसते. मोबाइलमधील ३.७ व्होल्टचे सेल घ्यावेत, तर तीन कमी पडतात आणि चार जास्त होतात.

१०/ पण जागेवर बसणे म्हणजे जुळणे नव्हे. चार सेलच्या या बॅटरीला १४.६ व्होल्टच्या वरचा दाब सोसत नाही. शिशाची बॅटरी मात्र जास्तीचा दाब काही काळ निमूट सोसते : तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन वायू निघून जातो आणि पाणी आटत जाते.

११/ इथे मला बाबांची जुनी सवय आठवली. दर पंधरवड्याला ते बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालत. आम्ही तिला काळजी समजत होतो. प्रत्यक्षात ते आजाराचे लक्षण होते. मीटर लावला, इंजिनाचा वेग वाढवला : १५.४ व्होल्ट. रेग्युलेटर कित्येक वर्षे बिघडलेला होता आणि जुनी बॅटरी ते झाकत आली होती.

१२/ २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट सतत पेटता असतो. अनेक गाड्यांची किकही गेली. १९०२ मध्ये हद्दपार झालेला डबा आज घराचा कर्ता आहे. तो बदलायचा असेल तर आधी चालू इंजिनावर टर्मिनलचा दाब मोजा. नव्या बॅटरीवरचा अँपिअर-अवरचा आकडा खरा आहे की ‘शिशाशी समतुल्य’, हेही पाहा. जुनी बॅटरी भंगारात न देता विक्रेत्याकडेच परत करा. त्यातील शिसे विषारी आहे.

१३/ बाबांनी आधी रेग्युलेटर बदलला आणि मग पुन्हा शिशाचीच बॅटरी घेतली. आता महिनोन्महिने पाणी घालावे लागत नाही. तरी दर पंधरवड्याला ते झाकण उघडून आत डोकावतातच. इतक्या वर्षांचा अविश्वास एका नव्या रेग्युलेटरने कसा जाणार?