बारा व्होल्टांचा उजेड

दर दिवाळीला आकाशकंदिलाचे खोके काढण्यासाठी मी माळ्यावर चढतो, आणि दर दिवाळीला त्या खोक्यामागे ठेवलेला दुसरा एक कंदील हाताला लागतो. निळ्या प्लास्टिकचा, वर मूठ असलेला. आत बोटाएवढी जाड, मधे दुमडलेली काचेची नळी. नळीची दोन्ही टोके काळवंडलेली आहेत. एक टोक जरा अधिकच. हा कंदील माझा नव्हे. सातपुड्यातील एका पाड्यावरच्या गुरुजींनी १९९६ च्या उन्हाळ्यात तो माझ्या हवाली केला. "शहरात कोणी नीट करून दिला तर पाहा," म्हणाले. मी "पाहतो" म्हटले, आणि पाहण्यात इतके दिवस गेले की गुरुजींची बदली झाली व कंदील माझ्याकडेच राहिला.

त्या पाड्यावर तेव्हा विजेचे खांब नव्हते. कुठल्याशा योजनेतून काही सौर कंदील आले होते. पहिल्या पावसाळ्यापर्यंत ते उत्तम चालले. गुरुजींच्या ओट्यावर रात्री पोरे पुस्तके घेऊन जमत. मग एकेक कंदील लुकलुकू लागला आणि विझला. मी गेलो तेव्हा बहुतेक घरांत तो खुंटीला टांगलेला होता आणि खाली रॉकेलची चिमणी पूर्वीसारखीच धुरत होती. एका आजीबाईंनी मला कारणही सांगितले : "याच्यातलं ऊन संपलं."

ऊन कसले संपते! छपरावरचे पत्रे शाबूत होते, आणि बॅटरीही, मी मीटर लावून पाहिले, ठीक होती. दोष खरे म्हटले तर त्या नळीचाही नव्हता. मग कोणाचा, हे समजण्यासाठी मला बरीच जुनी पाने चाळावी लागली. ती हकीगत मला गुरुजींना सांगता आली नाही. निदान वाचकांना सांगतो.

काचेच्या बंद नळीतून वीज खेळवून उजेड पाडण्याची कल्पना एडिसनच्या बल्बाहूनही जुनी आहे. जर्मनीत बॉन येथे गाइसलर नावाच्या काचकारागिराने १८५७ साली अशा नळ्या बनवल्या. पुढे फ्रान्समध्ये एडमंड बेकरेलने त्या नळ्यांत चमकणारी द्रव्ये घालून पाहिली. पण ती सारी प्रयोगशाळेतली शोभा. खुद्द एडिसनने १८९६ मध्ये क्ष-किरणांच्या साह्याने असा दिवा करून पाहिला आणि पुढे त्या किरणांचीच धास्ती घेतली. त्या कामात राबणारा त्याचा सहायक क्लॅरन्स डॅली ह्याचे हात किरणांनी जळाले, कापावे लागले, आणि १९०४ मध्ये तो मरण पावला. आपण बटण दाबतो तेव्हा अशा माणसांची नावे आठवत नाहीत, हे खरेच.

१९०१ साली पीटर कूपर ह्यूइटने पाऱ्याच्या वाफेचा दिवा काढला. उजेड भरपूर, पण निळाहिरवा. त्यात माणसाचा चेहरा आजारी दिसे. १९२६ मध्ये बर्लिनच्या एडमंड गेर्मरने व त्याच्या दोन सहकाऱ्यांनी नळीला आतून चमकणारी पूड लावण्याच्या युक्तीसाठी पेटंटचा अर्ज केला. पाऱ्याच्या विरळ वाफेतून निघणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते पुडीवर आदळतात आणि पूड पांढरी उजळते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या जॉर्ज इनमनने हा दिवा बाजारायोग्य केला, आणि १९३८ च्या एप्रिलमध्ये तो विक्रीस आला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लाखो लोकांनी तो पाहिला. आपण ज्याला ट्यूबलाइट म्हणतो तोच हा. साध्या बल्बात नव्वद टक्क्यांहून अधिक वीज नुसती उष्णता होऊन जाते; ट्यूब तेवढ्याच विजेत तीनचारपट उजेड देते.

पण ही ट्यूब जन्मतःच शहरी. पेटताना तिला काहीशे व्होल्टांचा झटका लागतो, चार फुटी ट्यूब जळत राहण्यास शंभराच्या आसपास. एकदा पेटली की तिची भूक आवरत नाही. प्रवाह वाढतच जातो, म्हणून चोकची वेसण घालावी लागते. शिवाय तिला प्रवाह दोन्ही दिशांनी खेळणारा हवा. बॅटरीचा एकाच दिशेने वाहणारा डीसी प्रवाह दिला तर पारा हळूहळू एका टोकाला जाऊन बसतो आणि दुसरी बाजू मंदावते. शहरातील तारांतून हे सारे आयते मिळते. ज्याच्या घरी तार नाही त्याने काय करावे?

हा प्रश्न पहिल्यांदा आपल्याकडे नव्हे, अमेरिकेतील शेतकऱ्यांपुढे उभा राहिला. १९३५ च्या सुमारास तिथे दहा शेतघरांपैकी एकाच्याच आसपास विजेची तार पोचली होती. उरलेल्यांपैकी ज्यांना परवडे ते स्वतःचे वीजघर बाळगत. ओहायोतील चार्ल्स केटरिंगने १९१६ मध्ये बाजारात आणलेला 'डेल्को लाइट' हा संच प्रसिद्ध होता. तेलावरचे छोटे इंजिन, आणि तळघरात ओळीने मांडलेली शिशाच्या बॅटरीची सोळा काचपात्रे. मिळून ३२ व्होल्ट. काहींनी छपरावर पवनचक्की बसवली. त्यांच्या घरात बल्ब लागत, इस्त्री चाले, रेडिओ बोले. मात्र १९३८ ची नवी ट्यूब त्यांच्या कामाची नव्हती. बॅटरीचा प्रवाह कापून उलटसुलट करणारी घरघरती यंत्रे मोटारींतील रेडिओला लावत, परंतु त्यांचे संपर्कबिंदू झिजत.

ही कोंडी फुटली ती ट्रान्झिस्टरमुळे. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत तो जन्मला. १९५५ साली जी. एच. रॉयर ह्या अमेरिकन अभियंत्याने एक मंडल प्रसिद्ध केले. दोन ट्रान्झिस्टर आणि मधे एक रोहित्र, बस्स. पहिला ट्रान्झिस्टर वाट देतो, रोहित्राचा गाभा चुंबकत्वाने पुरता भरतो, तसा पहिला बंद होऊन दुसरा उघडतो. दोघी मैत्रिणींनी फुगडी घालावी तसा हा खेळ, न थकता. एका बाजूने बारा व्होल्ट डीसी घाला, दुसऱ्या बाजूने हवे तेवढे व्होल्ट, उलटसुलट होऊन, बाहेर येतात. झिजण्यासारखे त्यात काहीच हलत नाही. योगायोग असा, की आदल्याच वर्षी, १९५४ च्या एप्रिलमध्ये, त्याच बेल प्रयोगशाळेने सिलिकनचा सौरघट जगाला दाखवला होता. उन्हाची वीज करणारा पत्रा आणि त्या विजेला ट्यूबयोग्य करणारी पेटी, दोन्ही अशी वर्षभराच्या अंतराने आली. मात्र त्यांची गाठ पडून ती गरिबाच्या घरात शिरायला आणखी पंचवीस-तीस वर्षे गेली.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि जग उन्हाकडे पाहू लागले. आपल्याकडे साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सने १९७७ साली पहिला भारतीय सौरघट व १९७८ मध्ये पहिला सौरपत्रा केला. १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेसाठी केंद्रात वेगळा विभाग झाला आणि १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय. सुमारे १९८० पासून युरोप-अमेरिकेत लहान, दुमडलेल्या ट्यूबा म्हणजे सीएफएल निघाल्या होत्या. ह्या साऱ्यांतून तो कंदील तयार झाला. १० वॅटचा पत्रा, १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांची बॅटरी, आणि ७ वॅटची सीएफएल.

त्याचा हिशोब किराण्याच्या वहीइतका सोपा आहे. चांगल्या उन्हाच्या दिवशी तो पत्रा पन्नासेक वॅट-तास वीज देतो. गळती वजा जाता पस्तीस-चाळीस हाती लागतात. नळी सात वॅट खाते, तिची पेटी एखाद-दुसरा वॅट. म्हणजे दिवेलागणीपासून चार तास उजेड. तेवढाच उजेड साध्या बल्बाकडून घ्यायचा तर ३५ ते ४० वॅट लागतील, आणि दिवसभराची कमाई तासाभरात उडेल. कमी वीज जिथे आहे तिथे काटकसरी दिवाच हवा. ट्यूबवाचून त्या काळी गत्यंतर नव्हते.

आणि नेमके इथेच पाणी मुरले. पत्रा महाग, बॅटरी महाग. स्वस्त करण्याजोगी वस्तू एकच उरली, ती आगपेटीएवढी इन्व्हर्टरची पेटी. दोन ट्रान्झिस्टरांच्या जागी कोणी एकच घातला. मग प्रवाहाची एक लाट भरदार आणि दुसरी खुरटी निघते, व नळीचे एक टोक आधी काळे पडते. माझ्या कंदिलाचे तसेच झाले आहे. त्याहून घातक काटकसर पेटवण्यात होती. ट्यूबच्या टोकांना बारीक तारेची वेटोळी असतात आणि त्यांवर बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडांचा लेप असतो. चांगली पेटी आधी वेटोळी तापवते, मग झटका देते. स्वस्त पेटी थंड वेटोळ्यावरच झटका हाणते. दर वेळी लेपाचा थोडा थोडा अंश उडून काचेवर बसतो. तीच ती काजळी. पाड्यावर वीज वाचवायची म्हणून लोक कंदील घडोघडी विझवत आणि पुन्हा लावत. म्हणजे जितका काटकसरी गृहस्थ, तितकी त्याची नळी अल्पायुषी!

आणखीही होते. बॅटरी उतरली की नळी अर्धवट जळे व लेप अधिकच झडे. बॅटरीच्या तारा उलट जोडल्या तर ट्रान्झिस्टर तत्काळ जाई. त्याला अडवणारा एक डायोड पुरेसा होता, पण तोही कित्येकांनी गाळला. पेटीची कंपने दर सेकंदाला वीस हजारांहून कमी ठेवली तर डासासारखी कुणकुण ऐकू येई, आणि मीडियम वेव्हवर बातम्या ऐकणाऱ्याच्या रेडिओत खरखर तर ठरलेली. नळी जळाली की गावच्या दुकानात तशी मिळत नसे. मी ती पुण्याच्या तपकीर गल्लीत हिंडवली. एका दुकानदाराने तिच्या चार पिना पाहून मान हलवली आणि २३० व्होल्टांची नेहमीची सीएफएल पुढे केली. तिच्या बुडाशी तिची स्वतःची पेटी असते. बारा व्होल्टांच्या घरी ती नुसती शोभेची.

मंत्रालयाच्या तांत्रिक अटी मी पुढे वाचल्या तेव्हा कोणीतरी हे सारे ओळखले होते असे दिसले. कंपने २० ते ३५ हजारांच्या दरम्यान हवीत. अर्ध्या लाटेवर चालणारी पेटी चालणार नाही. दोन मिनिटे लावून चार मिनिटे विझवणे असे हजार वेळा केल्यावरही नळी काळी पडता कामा नये. वाचून मी क्षणभर तसाच बसलो. एकेक अट जणू त्या पाड्यावरच्या खुंट्या पाहूनच लिहिली होती. माझ्या हातातील कंदील ह्यांतील एकाही कसोटीला उतरला नसता.

ज्यांनी ही पेटी लोकांच्या हाती दिली त्यांची गोष्ट निराळी. राजस्थानात तिलोनिया येथे बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या संस्थेत, जी पुढे बेअरफूट कॉलेज म्हणून ओळखली गेली, बेताचे अक्षरज्ञान असलेल्या खेड्यांतील बायका सौरदिव्यांची मंडले जोडायला शिकल्या. रोधकांवरचे रंगीत पट्टे ओळखायचे, डाग द्यायचा, मीटर लावायचा. कोणता तुकडा कुठे बसतो हे हाताला ठाऊक, मग पुस्तकाची गरज ती काय? २००८ पासून भारत सरकारच्या मदतीने आफ्रिकेतील आज्याही तिथे शिकायला येऊ लागल्या. पाड्यावर अशी एक बाई असती तर आमच्या आजीबाईंनी उन्हाला बोल लावला नसता.

पुढचे थोडक्यात. जपानमध्ये शूजी नाकामुरा ह्यांनी १९९३ साली तेजस्वी निळा एलईडी दाखवला, आणि त्यावर पिवळी पूड लावून पांढरा दिवा झाला. म्हणजे पूड उजळवण्याची जुनी युक्तीच, पाऱ्यावाचून. ह्या दिव्याला तीनेक व्होल्ट पुरतात. तीन दिवे माळेत गुंफले की बारा व्होल्टांच्या बॅटरीवर थेट चालतात, सोबत प्रवाहाला थोडी वेसण असली की झाले. झटका नको, काजळी नाही, कितीही वेळा लावा-विझवा. नाकामुरा, आकासाकी आणि अमानो यांना २०१४ मध्ये नोबेल मिळाले, आणि तोवर नव्या सौर कंदिलांतून सीएफएल निघून चालली होती. २०१३ च्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ मध्ये ठरवले, की २०२७ पर्यंत पाऱ्याच्या ट्यूबांचे उत्पादन व आयात-निर्यात थांबवायची.

गेल्या वर्षी मी तो कंदील उघडून आतली पेटी काढली, नवी बॅटरी आणि एलईडीची छोटी पट्टी बसवली. आता तो लागतो. गुरुजींचा पत्ता मला अजून लागलेला नाही. ती काळी नळी मात्र मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावरच ठेवली आहे. तिच्यात काही मिलिग्रॅम पारा आहे, आणि ती कचऱ्यात टाकायला हात होत नाही.