गिरणी कामगार स्त्रिया, मार्माइट आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी

रक्तवाढीसाठी जी गोळी आपल्याकडे घरोघरी घेतली जाते, तिच्यात लोहाबरोबर बहुधा फॉलिक अ‍ॅसिड असते. या जीवनसत्त्वाच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली. त्याच्या इतिहासातील एक धडा दूध किंवा गहू न सोसणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे.

१९२८ साली डॉ. लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांमध्ये तेव्हा एक गंभीर रक्तक्षय आढळत असे. त्यात तांबड्या पेशींची संख्या घटे आणि त्यांचा आकार मात्र वाढलेला असे. दोष आहारात असावा, अशी विल्स यांना शंका होती. आधी प्राण्यांवर प्रयोग करून मग त्यांनी रुग्णांना मार्माइट दिले. बिअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टपासून केलेला हा स्वस्त, काळपट अर्क. तो घेतल्यावर स्त्रियांचे रक्त सुधारू लागले. १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, त्यावरून फॉलिक अ‍ॅसिड हे नाव पडले. १९४५ पर्यंत अमेरिकेत मूळ आंध्रचे शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत तयारही केले.

मग ते 'पर्निशियस अ‍ॅनिमिया'च्या रुग्णांनाही देण्यात आले. त्यांचे रक्त सुधारले, पण काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे हे त्रास सुरू झाले किंवा वाढले. याचे कारण असे, की या आजारात खरी कमतरता असते बी-१२ ची, आणि ते जीवनसत्त्व वेगळे काढण्यात १९४८ मध्ये यश आले. रक्तपेशी तयार होण्यासाठी दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. फॉलिक अ‍ॅसिड भरपूर मिळाले तर रक्तातील दोष झाकला जातो. नसांसाठी बी-१२ जे काम करते, ते मात्र फॉलिक अ‍ॅसिडला जमत नाही. नसांची हानी फार काळ चालू राहिली तर ती पूर्ण भरून येईलच असे नाही.

आज याचा आपल्याशी काय संबंध?

शाकाहारी माणसाला बी-१२ मिळते ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतून. दूध पचत नाही म्हणून हे सगळेच बंद केले आणि अशक्तपणासाठी मनानेच फॉलिक अ‍ॅसिड सुरू केले, तर १९४० च्या दशकातली तीच चूक पुन्हा घडू शकते. प्रौढांनी स्वतःहून घेण्याच्या फॉलिक अ‍ॅसिडची कमाल मर्यादा दिवसाला १ मिलिग्रॅम मानली जाते. आपल्याकडे मात्र ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते.

गव्हातील ग्लुटेन न चालणाऱ्या सिलिअ‍ॅक आजारात आतड्याच्या आतील अस्तराला इजा होते. त्यामुळे लोह, फोलेट आणि कधी बी-१२ देखील नीट शोषले जात नाही. अशा रुग्णांना पूरक गोळ्या लागतात, पण त्यांची निवड पाहूनच करावी. ज्या मार्माइटने मुंबईच्या स्त्रियांना तारले, त्यातही बार्लीमुळे ग्लुटेन असते!

म्हणून एवढे करा :

• दूध पूर्ण सोडण्याआधी दही-ताक सोसते का ते पाहा. अनेकांना ते चालते.
• फॉलिक अ‍ॅसिड दीर्घकाळ घेण्यापूर्वी बी-१२ ची तपासणी करून घ्या.
• वेष्टनावरील इतर घटकही वाचा. गोळीत भर म्हणून घातलेले लॅक्टोज फार थोडे असते आणि दूध न पचणाऱ्या बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. सिलिअ‍ॅक आजारात मात्र ग्लुटेनचा थोडा अंशही नको.
• मुंग्या, बधिरपणा किंवा तोल जाणे जाणवल्यास गोळी बदलत बसू नका, डॉक्टरांना भेटा.
• गरोदरपणात डॉक्टरांनी दिलेले लोह व फॉलिक अ‍ॅसिड हा लेख वाचून बंद करू नका. ते बाळासाठी आणि आईसाठी आवश्यक आहे.

लुसी विल्स यांनी आधी आपल्या रुग्ण काय खातात हे पाहिले, औषधाचा विचार त्यानंतर केला. गोळी सुरू करताना आपणही तोच क्रम ठेवावा. आपल्या ताटातून काय वगळले गेले आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा.