सामान्यरूप

नागऱ्याच्या महादेवापुढे नंदी बसतो, तसे इंग्रजीत प्रेपोझिशन नामापुढे बसते. मराठीत सगळा उलटा कारभार! शब्दयोगी अव्यय मागून येते आणि नामाला वाकवते. 'नागरा' कसा ताठ उभा असतो. पण मागे 'जवळ' येऊन चिकटले, की बिचाऱ्याचा 'नागऱ्याजवळ' होतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले. आमच्या पिढीपर्यंत पोरे ही सामान्यरूपे घोकतच आली.

इंग्रजीत नाम वाकत नाही. वाकतो तो कारकून! मंडेला 'ऑन', मॉर्निंगला 'इन', नाइटला 'ॲट'. का, ते विचारायचे नाही. पाठ करायचे.

बँकेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका धान्य-व्यापाऱ्याच्या बिलावर 'तीस दिवस आफ्टर साइट' होते, मी पत्रात नुसते 'ॲट साइट' टाइप केले. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात 'ॲट साइट' म्हणजे मागताक्षणी पैसे. एवढ्याशा शब्दाने म्हाताऱ्याची महिन्याची मुदत गिळली. तो बिचारा घाम पुसत, कुठून तरी उसने पैसे घेऊन काउंटरवर आला.

चूक कळल्यावर तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी यांतला फरक आमचा चौथी पास मुनीम झोपेतसुद्धा चुकत नसे."

मी बी.कॉम. मान खाली घातली. त्या दिवशी सामान्यरूप माझे झाले.