पत्र्याखालची थंडी

राघोबादादा ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगावात वारले. इतिहासाची पुस्तकं तिथून लगेच पुण्याच्या राजकारणाकडे वळतात, पण माझं लक्ष महिन्याकडे जातं. डिसेंबरातला गोदाकाठ. दरवर्षी राज्यातल्या नीचांकी तापमानासाठी ज्या निफाडचं नाव पेपरात येतं, ते याच नदीच्या खोऱ्यात थोडं वर आहे. मग त्या काळी वाड्यात, घरात, लोहाराच्या किंवा सुताराच्या कामाच्या जागेत ऊब कशी राखत असतील?

त्याच शतकात युरोप-अमेरिकेत 'खोली कशी तापवावी' यावर चांगली डोकी झिजत होती. बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकात लोखंडी शेगडी बनवली, कारण उघड्या चुल्हाणातली बरीच उष्णता धुराड्यातून निघून जात होती. पुढे १७९० च्या दशकात काउंट रमफर्डने चुल्हाणाचा आकारच बदलला. आपल्याकडे खोली तापवण्याचा विचार फारसा झालाच नाही. शेकोटी, निखाऱ्यांची शेगडी, घोंगडी, गोधडी ही सगळी माणसाला ऊब देणारी साधनं. शेकायचं ते अंग. लोहाराच्या भात्याजवळ ऊब असायची ती लोखंड तापवताना आपोआप मिळालेली, वेगळा खर्च करून आणलेली नाही.

हे जमत होतं त्याचं मोठं कारण डोक्यावर होतं. नगर जिल्ह्यातली जुनी घरं माळवदाची. लाकडी सरे, त्यावर किलच, त्यावर पाला किंवा काडीकचरा आणि वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. भिंतीही तशाच जाड. एवढ्या मातीतून उष्णता आरपार जायला आठ-दहा तास लागतात. म्हणजे दुपारचं ऊन आत पोचतं ते रात्री, जेव्हा ते हवं असतं. माळवदाला दरवर्षी माती घालावी लागते, पावसात ते गळतं, त्यात घुशी-उंदीर शिरतात, हे सगळं खरं. पण हीटर म्हणून ते फुकट चालत होतं.

मग पत्रा आला. नालीदार पत्र्याचं पेटंट लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामरने १८२९ मध्ये घेतलं आणि १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने जस्ताचा मुलामा देण्याची रीत काढली. गंजेना, हलका, दोन माणसांनी उचलून टाकावा असा. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली आणि कोपरगावला अशा जड मालाचा रस्ता मिळाला. दारणा धरण १९१६ चं. त्याचं पाणी नांदूर मधमेश्वरहून निघणाऱ्या गोदावरी कालव्यांनी तालुक्यात आलं. पाण्यामागे ऊस आला, उसामागे कारखाने: आधी साकरवाडीला सोमय्यांचा, पुढे कोळपेवाडी आणि सहजानंदनगरचे सहकारी.

कारखान्यांभोवती दुरुस्तीचा धंदा वाढला. ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या, तुटलेले अ‍ॅक्सल, फुटलेले टायर, वेल्डिंग. या कामाची गंमत अशी की गाळप हंगाम आणि थंडीचा हंगाम एकच. ट्रॉली रात्री मोडली तर ती रात्रीच उभी करावी लागते, कारण सकाळी फडात तिची वाट बघत असतात. आणि हे काम जिथे चालतं ते शेड बहुतेक वेळा पत्र्याचं.

पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्याकडे साठवण नाही आणि अडवणूकही नाही. निरभ्र रात्री तो आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे आतल्या बाजूने थेंब टपकतात आणि लेथवर गंज चढतो तो त्यामुळे. इथे हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. २० बाय १५ फुटांचं, १० फूट उंच, चारी बाजूंनी पत्र्याचं शेड घ्या. छत आणि भिंती मिळून १००० चौरस फूट पत्रा होतो. आत बाहेरपेक्षा दहा अंश जास्त ठेवायचे तर साधारण साडेपाच किलोवॅट सतत ओतावे लागतात. आठ तासांत ४४ युनिट, तेही दार बंद ठेवून. भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटची ती झेपच नाही. दुकानात मिळणारा २००० वॅटचा हीटर अशा शेडमध्ये जेमतेम साडेतीन अंश वाढवतो.

हीटरच्या आतली तार मात्र कौतुकाची आहे. तारेतून वीज गेली की उष्णता किती होते याचा नियम जूलने १८४० च्या सुमारास मांडला. पण लाल होऊनही जळून न जाणारी स्वस्त तार मिळायला आणखी साठ-पासष्ट वर्षं जावी लागली. निकेल-क्रोमियमच्या त्या मिश्रधातूचं पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्शला १९०६ मध्ये मिळालं. तेव्हापासून तार तीच, डबे बदलत गेले.

डबा निवडताना हा इतिहास कामाला येतो. पंख्याचा ब्लोअर हवा तापवतो, ती हवा वर चढते आणि पत्र्याला देऊन टाकते. शेडसाठी हा सगळ्यात वाईट सौदा. लाल कॉइलचा किंवा हॅलोजनचा हीटर समोरच्या माणसाला तापवतो, म्हणजे शेकोटीचंच तत्त्व, आणि गळक्या शेडमध्ये तेच परवडतं. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. म्हणून असा हीटर खाली कधीच नको. उंच, घट्ट बसवलेला, आणि इंधनाचं काम चालू असताना बंद. कोळशाची शेगडी दार लावून आत घेणं तर मरण ओढवून घेणं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. जुन्या घरांत शेगडी खपून गेली, कारण तिथे फटी होत्या.

या सगळ्यात गॅरेजवाल्यापेक्षा जास्त थंडी खाणारा माणूस त्याच रस्त्याने पहाटे जातो. ऊसतोड कामगाराची कोपी बांबू, चटया आणि पाचटाची असते. केवळ उष्णतेच्या हिशेबाने पाहिलं तर पाचट पत्र्याहून सरस ठरेल. पण फटीतून वारा येतो, खाली ओल असते, आणि शेकोटीची एक ठिणगी संसार घेऊन जाऊ शकते. तिथे हीटर निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

वास्तविक उसातच एक उत्तर होतं. अमेरिकेत लुईझियानामध्ये १९२० च्या दशकात बगॅसपासून 'सेलोटेक्स' नावाचे उष्णतारोधक ताव बनू लागले, ते छताखाली आणि भिंतींना ठोकत. वरच्याच मापाच्या शेडला नऊ इंची विटांच्या भिंती असतील आणि पत्र्याखाली थोडी पोकळी सोडून असा अर्धा इंच ताव ठोकला, तर तोच २००० वॅटचा हीटर जवळपास दहा अंश देतो. म्हणजे आधी छत, मग हीटर. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथे बगॅसचा ताव नको, न पेटणारं काही घ्यावं. रॉकवूल आणि त्याखाली सिमेंट बोर्ड चालेल. तोडलेल्या उसाच्या वजनात जवळपास तीस टक्के बगॅस निघतं. आपल्याकडे ते मुख्यतः बॉयलरमध्ये जातं, त्याच्या वाफेवर कारखाना चालतो आणि सहवीजनिर्मिती करणारे कारखाने उरलेली वीज ग्रीडला विकतात. त्यातली थोडी वायरमधून फिरून गॅरेजच्या कॉइलमध्ये येते आणि तिथून पत्र्यातून बाहेर जाते.